झोपलेलं कवच

हर्षदा बोरस्ते बरी होऊन घरी आली, त्या आठवड्यात घरात दही लागलं नाही.

पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. थंडीचे दिवस होते, दूध गारच राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी हर्षदाने दूध चांगलं कोमट केलं, विरजण घोळलं, पातेलं जाड फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर दूध ते दूधच. मग शेजारून विरजण आणलं, तरी तेच. नासलं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण ते नासतही नव्हतं. हर्षदाने बोट बुडवून चाखलं. कालच्यासारखंच गोड होतं.

मग इडलीचं पीठ फुगेना. गाईंसाठी मुरघासाच्या, म्हणजे आंबवलेल्या चाऱ्याच्या, पिशव्या भरल्या होत्या. त्यातली हर्षदाने स्वतःच्या हातांनी दाबून भरलेली पिशवी दीड महिन्याने उघडली, तर आत मका जसाच्या तसा, नुसता कोमेजलेला. मुरघासाचा तो आंबूस वास नावालाही नव्हता. गाईंनी एकदा हुंगून तोंडं फिरवली. हर्षदाचा नवरा तुषार पिशवीशी उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालंय गं?"

त्याने गमतीत विचारलं होतं. उत्तर मात्र खरंच तिच्या हातात होतं.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. निफाडकडच्या द्राक्षबागांमध्ये वर्षानुवर्षं बुरशीनाशकं फवारली गेली. भुरी आली, फवारा. डावणी आली, फवारा. येण्याची शक्यता आहे, तरी फवारा. ही फवारणीची औषधं आणि माणसाला बुरशीचा आजार झाल्यावर देतात ती औषधं, दोन्ही रसायनांच्या एकाच घराण्यातली. त्यामुळे बागेतल्या पाचोळ्यात वाढणारी एक साधी बुरशी पिढ्यान् पिढ्या ते औषध पचवायला शिकली, आणि शिकून झाल्यावर माणसांच्या फुप्फुसात शिरली. तिथे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिला ओळखीच्याच निघाल्या. रोग्याची थुंकी चुलीतल्या राखेसारखी करडी व्हायची, म्हणून लोक त्याला राखखोकला म्हणू लागले. २०४० नंतर तालुक्यात असं गाव राहिलं नाही, जिथून राखखोकल्याने कुणी गेलं नव्हतं.

उतारा सापडला तोही मातीतच. नांगरलेल्या रानाचा जो वास येतो, तो ज्या जिवाणूंमुळे येतो, त्यांचं घराणं औषधांच्या बाबतीत जुनं आणि दानशूर आहे. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध याच घराण्याने दिलं. मातीत फार दाटी असते. चिमूटभर जागेत कोट्यवधी जीव, आणि खायला बेताचंच. म्हणून हे जिवाणू शेजाऱ्यांना दूर ठेवायला विषं तयार करतात, कुणी जिवाणू मारणारं, कुणी बुरशी मारणारं. गोदाकाठच्या एका पडीक रानात असा एक जिवाणू सापडला की ज्याच्या विषापुढे राखखोकल्याची बुरशी टिकत नव्हती. अडचण एकच. ते विष त्याच्यापासून वेगळं काढलं की तासाभरात मोडून जायचं. गोळी होईना, इंजेक्शन होईना. शेवटी नाशिकच्या उपचार केंद्रातल्या मंडळींनी तो जिवाणूच थोडा बदलून, माणसाच्या अंगावर आणि श्वासनलिकेत राहू शकेल असा केला आणि वाफेवाटे रोग्यांना दिला. औषधाऐवजी औषध करणाराच शरीरात मुक्कामाला आणून ठेवला. या उपचाराला त्यांनी नाव दिलं 'कवच'.

हर्षदाला कवच मिळालं तेव्हा ती बसल्याशिवाय बोलू शकत नव्हती. महिन्याभरात ती जिना चढू लागली. अंगाला कायम ताज्या नांगरटीचा मंद वास येऊ लागला, तेवढं सोडलं तर ती पूर्ण बरी होती. पण तो जिवाणू बुरशी मारता मारता आजूबाजूचे इतर जिवाणूही मारत होता. तिच्या हाताला, श्वासाला, तिने हाताळलेल्या भांड्याला त्याचं विष लागत होतं आणि दह्याचे जिवाणू बिचारे जागच्या जागी मरत होते.

घरात यावरून थट्टा झाली. तुषार पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडे ताक मागू नका, बासुंदी मागा. हर्षदाही हसायची. गावातल्या बायका मात्र हळूहळू चार हात लांब राहू लागल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण हर्षदाने दिलेला डबा घासूनपुसून, उन्हात वाळवून मगच घरात जाऊ लागला. तिला वाईट वाटायचं. तरी जीव वाचला होता, त्यापुढे हे सोसण्यासारखं होतं.

मग अन्वीचा फोन आला. हर्षदाची ही एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. ती म्हणाली, "मम्मी, तू आजी होणार आहेस."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे बोरस्त्यांच्या घरात कुणी ठरवावं लागत नव्हतं. हर्षदाने त्याच दिवशी डिंक आणि अळीव कुठून आणायचे याचा विचार सुरू केला. दुसऱ्या दिवशी ती तपासणीसाठी नाशिकला गेली आणि डॉ. सानिया पिंजारींना हसत हसत ही बातमी सांगितली. या बाई कवचाच्या रुग्णांना पहिल्यापासून बघत होत्या. त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

"हर्षदाताई, बाळाला दोन वर्षांचं होईपर्यंत तुमचा हात लागायला नको. एका घरात राहणंसुद्धा नको."

"असं कसं? मी आजी आहे त्याची."

"बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काही नसतं. आईकडून, घरातून चांगले जिवाणू त्याच्या पोटात जातात, तेव्हा ते दूध पचवू लागतं. तुमच्या सहवासात ते जिवाणू तग धरणार नाहीत. कवच घेतलेल्या दोन घरांत असं झालं. दोन्ही बाळं वाचली, पण फार हाल झाले. तुमच्याकडे दही लागत नाही ना? त्याच्या पोटात तेच होईल."

गाडीत बसल्यावर हर्षदाने तुषारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अन्वीला पुण्यालाच राहू दे मग. तिची सासू काही वाईट नाही."

"नाही," हर्षदा म्हणाली. "ती माहेरीच येईल. मी बाहेर पडते."

"आई नसलेलं कसलं माहेर?"

"तुमच्या बहिणीला बोलवा. तिचा हात हलका आहे. आणि मी काही कायमची जात नाहीये. मी हे अंगातून काढणार आहे."

हे 'काढणं' तिच्या डोक्यात कुठून आलं, ते तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागणार नाही. निर्यातीच्या द्राक्षांवर शेवटची फवारणी झाली की माल लगेच तोडत नाहीत. ठरलेले दिवस थांबायचं. तेवढ्यात औषध उन्हावाऱ्याने आपोआप उतरतं. मग नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल स्वच्छ आला की तोडणी. हर्षदाचं निम्मं आयुष्य या थांबण्यात गेलं होतं. तिने सरळ हिशेब लावला की आपल्या अंगावरही औषधच आहे. त्याला नवं काही खायला घालायचं नाही, मातीत जायचं नाही, गुरांत जायचं नाही, माणसांत मिसळायचं नाही. स्वच्छ राहायचं आणि वाट बघायची. उतरेल.

जिवंत जिवाणू आणि फवारलेलं औषध यांत फरक असतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते तुमच्या-आमच्याही आलं नसतं.

गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांचं जुनं शीतगृह होतं. सहकारी पॅकहाउस झाल्यापासून ते बंदच होतं. त्यातली ऑफिसची खोली हर्षदाने निवडली. भिंती गुळगुळीत, फरशी धुता येणारी, खिडक्या घट्ट बसणाऱ्या. हवा गाळणारं यंत्र तिथे आधीच होतं. आषाढात अन्वी सातव्या महिन्यात घरी आली. त्याच दिवशी सकाळी हर्षदा या खोलीत राहायला गेली. मुलीची गाडी रस्त्यावरून गेली तेव्हा ती काचेच्या आड उभी होती. अन्वीने हात हलवला, मग तोंडाला पदर लावला. गाडी थांबली नाही, कारण थांबवायची नाही असं आधीच ठरलं होतं.

तिथले दिवस फार वाईट गेले. दुसरं काय म्हणायचं? तुषार रोज दाराबाहेर डबा ठेवून लांब उभा राहायचा. तो चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन अन्वीच्या जेवणाबद्दल असायची. हर्षदा दिवसातून दोनदा खोली पुसायची, कपडे उकळत्या पाण्यातून काढायची, सगळं अन्न पुन्हा गरम करून खायची. एवढ्या निगुतीने तिने कधी देवघरही ठेवलं नव्हतं. बाकीचा वेळ नुसता पडून असायचा. आयुष्यभर तिच्याभोवती पंचवीस-तीस बायका असायच्या, द्राक्षांच्या विरळणीला, घड औषधात बुडवायला, तोडणीला. त्या बोलायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. इथे यंत्राची घरघर सोडली तर आवाज नव्हता. कधीकधी ती उगीचच मोठ्याने बोलून बघायची, की आवाज शाबूत आहे ना. "हर्षदा, चहा घेतेस का?" आणि मग आपल्यालाच लाज वाटून गप्प बसायची.

रोज संध्याकाळी ती वाटीभर दुधाला विरजण लावायची. हा तिचा नमुना आणि हीच तिची प्रयोगशाळा. रोज सकाळी वाटी तिरकी करून बघायची. दूध हलायचं. ती ते ओतून द्यायची आणि म्हणायची, अजून उतरलं नाही.

भाद्रपदात अन्वीला मुलगा झाला. तुषारने फोनवर दाखवला. लालबुंद, डोळे मिटलेले, कपाळावर बोरस्त्यांचा भोवरा. हर्षदाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "रडतोय का?" तिने विचारलं. "आवाज चालू करा ना." आवाज चालूच होता, पोरगं शांत झोपलं होतं.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण यातून बाहेर पडलो नाही तर वेड लागेल. अन्वी रोज फोन करायची. बाळाने दूध ओढलं, बाळ शिंकलं, आत्याबाई न्हाऊ घालताना फार जोर लावतात गं मम्मी, तू असतीस तर. 'तू असतीस तर' हे शब्द तिच्या प्रत्येक फोनमध्ये असायचे. हर्षदा धीर द्यायची, फोन ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

बाळ महिन्याचं झालं आणि एका सकाळी वाटीतलं दूध हलेना.

हर्षदाला आधी खरं वाटलं नाही. तिने वाटी तिरकी केली, जरा जास्त तिरकी केली. चमचा घातला. कापलेली कड तशीच उभी राहिली आणि बाजूला थोडं पाणी सुटलं. तिने चाखलं. आंबट होतं. बाईने ते सगळं दही उभ्या उभ्या, साखर न घालता, रडत रडत खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, तिसऱ्या दिवशीही. मगच तिने अन्वीला फोन केला.

"मम्मी, खरंच?" अन्वी म्हणाली. "म्हणजे तू बारशाला येणार? त्याला घेणार?"

"घेणार म्हणजे काय. मग तुलाच तो माझ्याकडे मागावा लागेल."

लगोलग तिने डॉ. सानियांनाही कळवलं. खरं तर जरा मिरवायलाच. तुमच्या मोठमोठ्या यंत्रांना जमलं नाही ते मी एका खोलीत बसून केलं, असं तिला म्हणायचं होतं. पण डॉक्टर म्हणाल्या, "ताई, आजच या. जेवून-बिवून नको, लगेच निघा."

छातीचं चित्र पडद्यावर लागलं. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, नखाएवढा करडा डाग होता. हर्षदाने तो ओळखला. अशा डागाकडे बघत तिने मागचा हिवाळा काढला होता. तुषार खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"पण दही लागलं ना," हर्षदा म्हणाली. "मी बरी झाले म्हणूनच लागलं ना?"

"तो जिवाणू गेलेला नाही, तुमच्या अंगातच आहे," डॉ. सानिया म्हणाल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तो झोपलाय. विष तयार करायला त्याला फार शक्ती खर्चावी लागते. शेजारी कुणी असेल, कुणी घास पळवणारा असेल, तरच तो ते करतो. मातीत शेजारी असतातच. तुमच्या घरीही होते. गुरं, शेणमूत, बागेतली धूळ, दहा माणसांचे हात. त्या सगळ्यांचे जिवाणू तुमच्या अंगावर यायचे आणि हा जागा राहायचा. तुम्ही त्याला धुतलेल्या खोलीत एकटं ठेवलंत. त्याला वाटलं, आता कुणीच नाही. मग कशाला उगीच विष करा?"

"पण बुरशी तर होती ना आत? ती दिसली नाही त्याला?"

"कुठेतरी खोल, मूठभर उरली असणार. तेवढ्याने तो जागा होत नाही, हे आत्ता कळतंय. असं आजवर कुणी केलंच नव्हतं, ताई. आम्ही तर कवचाच्या सगळ्या रुग्णांना गर्दी टाळायचा सल्ला देणार होतो. तुमच्यामुळे तो सल्ला गेला नाही. बरीच माणसं वाचतील."

हर्षदाला त्या बऱ्याच माणसांचं या घडीला काही पडलं नव्हतं. "मग आता?"

"माणसांत जा. गुरांत जा, मातीत हात घाला. फक्त मोठी माणसं, लहान मूल आसपास नको. आठ-दहा दिवसांत तो जागा व्हायला लागेल आणि डाग मागे हटेल. त्याला जागं करणारं औषध अजून आमच्याकडे नाही. गर्दी हेच औषध."

"आणि बाळ?"

डॉक्टरांनी तुषारकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आज तुम्ही बाळाला घेतलंत तर त्याला काही होणार नाही. तो जागा झाला की मग नाही."

म्हणजे असं होतं. हर्षदा एकटी राहिली तर नातवाला मांडीवर घेऊ शकत होती, पण त्यात तिची छाती पोखरली जाणार होती. माणसांत राहिली तर जगणार होती, पण ज्याच्यासाठी जगायचं त्याला हात लावता येणार नव्हता. अशी निवड पुढ्यात ठेवून देवाने तिची चेष्टा का करावी, हे तिला कळेना.

"बारसं रविवारी आहे," ती म्हणाली. "मग जाते मी गर्दीत."

"जितके दिवस लावाल तितकं फुप्फुस जाईल आणि गेलेलं परत येत नाही. मी हो म्हणणार नाही, ताई." डॉ. सानियांनी चित्र बंद केलं. "तरीही थांबणारच असाल, तर निदान बारशाच्या दुसऱ्या दिवशी निघा. माझी शपथ आहे तुम्हाला."

परत येताना तुषारने चांदोरीच्या पुढे गाडी बाजूला घेतली. "अन्वीला सगळं खरं सांग," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"का पण?"

"आज सांगितलं तर घाबरून ती मला आजच गर्दीत धाडेल, बाळ माझ्याकडे देणारच नाही. बारशानंतर सांगितलं तर म्हणेल, मम्मी, डाग नखाएवढाच आहे ना, अजून दोन दिवस थांब, मग जा. मग म्हणेल, अजून आठ दिवस. तिचं काही चुकणार नाही, पोरगीच आहे ती. पण तिने म्हटलं की मी थांबेन. मला माहीत आहे मी थांबेन." तिने काच खाली केली. "आणि मला मरायचं नाहीये हो. दोन वर्षांनी का होईना, मला त्याच्याशी बोलायचं आहे. तुम्ही काही बोलू नका."

तुषारने गाडी सुरू केली.

बारशाच्या आदल्या दिवशी हर्षदा स्वतःच्या घरी गेली. उंबऱ्यात अन्वीने बाळ तिच्या हातात दिलं आणि स्वतः तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. बाळाचं वजन हर्षदाला वाटलं होतं त्याहून जास्त भरलं. त्याच्या टाळूला तेलाचा, दुधाचा, जरासा घामाचा वास होता. तिने त्याला रविवारी पहाटे स्वतः न्हाऊ घातलं, धुरी दिली, कोपरा करून दुपट्यात गुंडाळलं. पाळण्याच्या एका टोकाला ती उभी राहिली आणि गोपाळ घ्या, गोविंद घ्या करत तिने बाळ पाळण्याखालून पलीकडे दिलं. नाव ठेवलं इंद्रनील. लोकांनी घुगऱ्या खाल्ल्या, बायकांनी पाळणे म्हटले. त्या दुपारी बाळ तिच्या मांडीवर इतकं गाढ झोपलं की पाय बधिर झाले तरी ती हलली नाही. अंगणात माणसं येत-जात होती, तिच्या पाया पडत होती, हातात हात घेत होती. प्रत्येक हाताबरोबर अंगातलं कुणीतरी जागं होत चाललंय, असं तिला वाटत होतं. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. पण तिची भीती जाईना.

अन्वी तिच्याजवळ येऊन बसली. "मी सुट्टी वाढवून घेतली. सहा महिन्यांची. आता तू आहेस ना, मला काही काळजी नाही. आत्याबाईंना मंगळवारी सोडूया."

"हो," हर्षदा म्हणाली.

सोमवारी सकाळी अन्वी आंघोळ करून आली तेव्हा हर्षदा खोलीच्या दाराशी उभी होती. बाळ पलंगावर हातपाय उडवत होतं. हर्षदा त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती आणि तिने पदर हातांभोवती गुंडाळला होता.

"अन्वी, डॉक्टरांचा फोन होता. परवा दिला तो नमुना चांगला आला नाही. तो जिवाणू परत आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यासारखंच. बाळाला घे. मी त्याला आता हात लावू नये."

अन्वीने झडप घालून बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागे सरली. आईपासून मागे सरली. तिचं तिलाच ते उशिरा कळलं. तिने पुन्हा पुढे यायला पाय उचलला, पण हातातल्या बाळाकडे बघून तो तिथेच थांबला. हर्षदाला नेमकं हेच हवं होतं.

"मम्मी, काल दिवसभर तू त्याला..."

"कालपर्यंत काही नव्हतं. त्याला काही होणार नाही. मी विचारून घेतलंय."

"तू परत त्या खोलीत जा ना मग. परत उतरेल. मागच्या वेळी उतरलंच ना?" अन्वी रडू लागली. "तीनच महिने तर लागले. मी थांबते इथे."

"आता नाही उतरायचं," हर्षदा म्हणाली. "ते एकदाच होतं."

ती गोदाकाठच्या भाकड गाईंच्या गोशाळेत राहायला गेली. तिथे दूध नाही, लहान मूल नाही. दीडशे म्हाताऱ्या गाई आणि त्यांचं करणारी पंधरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. ती शेण काढायची, चारा टाकायची, दुपारी सगळ्यांबरोबर एका ताटातून भेळ खायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सगळ्यांच्या हाताला हात लावायची. तिथले म्हातारे पत्ते खेळता खेळता एकमेकांवर ओरडायचे, बायका ओव्या म्हणायच्या आणि मध्येच थांबून सुनांची निंदा करायच्या. रात्री लांबलचक पडवीत सगळ्यांची अंथरुणं एकाला एक लागून असायची. शीतगृहातल्या त्या बंद खोलीत तिला जेवढं एकटं वाटलं नव्हतं, तेवढं इथे वाटायचं. तिथे निदान वाट बघायला काहीतरी होतं.

अन्वी रोज फोन करायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "तसंच आहे का गं अजून?" आणि हर्षदा हो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तोच प्रश्न, तेच उत्तर. त्या वेळी तिच्या अंगातलं कवच अजून झोपलेलंच होतं. त्या पोराला घेऊन अन्वी तासाभरात तिथे येऊ शकली असती आणि त्याला काहीसुद्धा झालं नसतं. हे अन्वीला माहीत नव्हतं, हर्षदाला होतं. फोन हातात धरून ती रोज तोंडाशी आलेले शब्द गिळायची, 'ये, आत्ता ये'.

दिवाळीच्या आत नाशिकहून बोलावणं आलं. डॉ. सानियांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. नव्या चित्रातला डाग फिका झाला होता, कडा विरघळल्या होत्या.

"जागा झालाय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पूर्ण जागा. आता तुम्हाला काही होत नाही, ताई. आता फक्त माणसांतून हलू नका."

हर्षदाने हात जोडले. बाहेर बाकावर तुषार बसला होता, त्याला तिने मानेनेच सांगितलं. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ तो रुमाल तोंडावरून काढला नाही.

तेवढ्यात अन्वीचा फोन आला. मागे बाळ कसलेसे आवाज काढत होतं, आता त्याला आवाज काढता येऊ लागले होते. अन्वी त्याला थोपटत म्हणाली, "मम्मी, तसंच आहे का गं अजून?"

"हो बाळा," हर्षदा म्हणाली. "तसंच आहे."

आज ते खरं होतं. आता 'ये' म्हणायची सोय राहिली नव्हती. तिने फोन बंद केला आणि तुषारशेजारी बाकावर बसून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.